इफ्ताहचा नवस आणि एक 'व'

ग्रीक कथेतली इफिजेनिया, ऑलिस बंदरात अडकलेली जहाजं सुटावीत म्हणून बाप आगामेम्नॉनने बळी द्यायला काढलेली मुलगी, हे बऱ्याच जणांना माहितीये, ते परत सांगत बसत नाही. तिच्या जोडीने नेहमी जिचं नाव निघतं, म्हणजे नाव तरी कुठलं, हिब्रू गोष्टीत तिला नावच दिलेलं नाहीये, ती इस्राएलचा सरदार इफ्ताह याची मुलगी. बायबलातलं शास्ते हे पुस्तक, अध्याय 11. अम्मोनी लोक हातात दिलेस तर घरी परतताना दारातून जे सामोरं येईल ते तुझं, असा बापाचा नवस, आणि मिस्पाला घरी पोचतो तर एकुलती एक पोर डफ वाजवत नाचत बाहेर. ती दोन महिने मागून घेते, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाते, परत येते, आणि मग मजकूर एवढंच म्हणतो की नवसाप्रमाणे त्याने केलं. सुरी नाही, विस्तव नाही, काही दाखवलेलंच नाही.

सगळा घोळ नवसाच्या शब्दांत आहे. ते परमेश्वराचं होईल 'व' मी ते ओला म्हणून अर्पीन. ओला हा हिब्रू शब्द, म्हणजे वर जाणारं, अख्खं जाळून टाकायचं ते, मराठी बायबलात होमबली. आणि मधलं हिब्रू अक्षर वाव, योगायोगाने आपल्या 'व'सारखंच. तल्मूद या ज्यू ग्रंथाच्या काळातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, मुलगी मेली असंच धरून चालतात आणि बापाला झापतात: नवस रद्द करून घ्यायला याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, का नाही गेलास? तर इफ्ताह म्हणे मी सरदार, मी कशाला जाऊ, आणि याजक म्हणे मी याजक, मी कशाला जाऊ, दोघांच्या ताठ्यात पोर गेली. खरं तर नवसातल्या माणसाच्या बदल्यात भरायचे रेट बायबलातच, लेवीय पुस्तकाच्या अध्याय 27 मध्ये लिहिलेत, 5 ते 20 वर्षांच्या मुलीचे चांदीचे 10 शेकेल.

मग बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनला एका ज्यू व्याकरणकार बापलेकांनी वाचून दाखवलं की हा वाव 'आणि' नसून 'किंवा' आहे. माणूस आला तर देवाचा, 'किंवा' जनावर आलं तर होमबली. म्हणजे मुलगी मेली नाही, लग्नाविना एकांतात राहिली. व्याकरणात हे बसतं, बायबलाच्या निर्गम पुस्तकात, अध्याय 21 मध्ये, बाप 'व' आई यांच्यावर हात उचलणाऱ्याच्या नियमात तोच वाव 'किंवा' म्हणूनच घ्यावा लागतो. पण मला ही पळवाटच वाटते, कारण जनावराचाच विचार होता तर मुलीला बघून त्याने शोकाने कपडे कशाला फाडले असते, आणि बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही 'किंवा' नाहीये.

तरी ख्रिस्ती युरोपात हे वाचन खूप चाललं. 1554 मध्ये छापलेल्या एका लॅटिन नाटकाने मुलीला इफिस नाव दिलं, सरळ इफिजेनियावरून, आणि 1752 ला लंडनमध्ये झालेल्या ऑरेटोरिओत, म्हणजे गाऊन सादर केलेल्या धार्मिक कथेत, तर देवदूतच येऊन तिला वाचवतो. ग्रीकांकडेही हेच झालेलं, इ.स.पू. 405 च्या सुमाराच्या इफिजेनियाच्या नाटकात शेवटी मुलीच्या जागी हरीण येतं, आणि तो भाग मागाहून जोडलाय असा बऱ्याच अभ्यासकांना संशय आहे.

अध्यायाच्या शेवटी इस्राएलच्या मुली वर्षातून 4 दिवस तिच्यासाठी जातात असं लिहिलंय. 'किंवा' वाल्यांनी तिथलंही क्रियापद बदलून घेतलं, त्यांच्या मते त्या रडायला नाही, तिच्याशी बोलायला जायच्या.