स्टोमा : तात्पुरता आणि कायमचा

आतड्याच्या शस्त्रक्रियेत आतड्याचे टोक किंवा वेटोळे पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून त्वचेला शिवले जाते आणि मल गुदद्वाराऐवजी तेथून बाहेर पडतो. या वाटेला स्टोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तोंड’ असा आहे. वाट लहान आतड्याच्या अखेरच्या भागातून काढली तर ती इलिओस्टोमी, मोठ्या आतड्यातून काढली तर कोलोस्टोमी. या वाटेवर इच्छेप्रमाणे आवळता येणारा स्नायू नसल्यामुळे तेथे चिकटणारी पिशवी लावावी लागते. कोल्हापूर परिसरात ‘स्टोमा’ हा शब्द दवाखान्यातच राहतो. घरी ‘पोटावर पिशवी लावलीया’ असेच म्हणतात. शाहूवाडी किंवा गगनबावड्याहून सीपीआर रुग्णालयात, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आलेल्या रुग्णाचे नातेवाईक संमतिपत्रावर सही करताना बहुधा हेच विचारतात की पिशवी निघणार की जन्माची राहणार.

मुळात आतड्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत पिशवी लागत नाही. अपेंडिक्स, लहान आतड्याचा अरुंद झालेला भाग किंवा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ काढल्यावर दोन टोके बहुधा तेथल्या तेथे जोडता येतात. प्रश्न येतो तो जोड धोक्यात असतो तेव्हा, किंवा जोडायला खाली काही उरतच नाही तेव्हा.

तात्पुरत्या स्टोमाचे नेहमीचे कारण म्हणजे गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या मल साठवणाऱ्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगावरील शस्त्रक्रिया. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितकी तो गळण्याची भीती अधिक. म्हणून वरच्या बाजूला इलिओस्टोमी करून मल काही काळ दुसरीकडे वळवतात. त्याने जोड गळणारच नाही अशी हमी मिळत नाही, पण गळलाच तर पोटात मल पसरून जीवावर बेतण्याची शक्यता कमी होते. टायफॉइडने लहान आतड्याला भोक पडून पोटात पू झालेला असतो, तेव्हाही सुजलेल्या आतड्यात टाका धरत नाही आणि शल्यचिकित्सक आतडे बाहेर काढणेच पसंत करतात. गुदद्वार न बनलेल्या नवजात अर्भकांपैकी अनेकांना पहिल्या एक-दोन दिवसांतच कोलोस्टोमी करतात. पुढे गुदद्वार तयार करून ते बरे झाले की ती बंद करतात.

कायमचा स्टोमा अटळ ठरतो तो मुख्यतः गाठ गुदद्वाराच्या स्नायूंत शिरलेली असते तेव्हा. गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढण्याची ही शस्त्रक्रिया इंग्रज शल्यचिकित्सक अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये मांडली आणि दीर्घकाळ तीच प्रमाण मानली गेली. पुढे आतडे जोडणारी स्टेपलर यंत्रे आली, शस्त्रक्रियेआधी किरणोपचार देऊ लागले, आणि पूर्वी ज्यांना जन्मभर पिशवी लागली असती अशा पुष्कळांचे गुदद्वार वाचू लागले. तरीही वयामुळे किंवा जुन्या इजेमुळे स्नायू सैल पडलेल्या माणसाचे आतडे हट्टाने जोडून त्याला दिवसभर कपडे खराब होण्याच्या धास्तीत ठेवण्यापेक्षा कायमची पिशवी बरी, असे म्हणावे लागते.

‘तात्पुरता’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. आँरी हार्टमन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९२१ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत रोगट भाग काढून वरचे टोक पोटावर आणतात आणि खालचे शिवून आत ठेवतात. कागदोपत्री हे पुन्हा जोडता येते. प्रत्यक्षात दुसरी शस्त्रक्रिया मोठी असते, रुग्ण वयस्क असतो, हृदय साथ देत नाही, आणि बऱ्याच जणांची पिशवी तशीच राहते. इलिओस्टोमी बंद करणे त्या मानाने सोपे. ती सहसा दोन-तीन महिन्यांनी बंद करतात, पण केमोथेरपी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबतात, आणि त्याआधी गुदद्वारातून औषध सोडून एक्स-रेवर जोड तपासतात. जोड गळत असेल किंवा रोग पसरला असेल तर तारीख पुढे जाते, काही वेळा कायमची.

पिशवी थोड्या दिवसांची असो वा जन्माची, तिचे सुख जागेवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून, वाकवून, मांडी घालून बसायला लावून पोटावर पेनाने खूण करतात; लेंग्याची नाडी, पॅन्टचा पट्टा किंवा नऊवारीची गाठ त्या खुणेवर येता कामा नये. रात्री तातडीने केलेल्या शस्त्रक्रियेत एवढी सवड नसते. मग स्टोमा नेमका पोटाच्या वळीत येतो आणि पंगतीत जेवायला बसले की पिशवीची कातडीला चिकटणारी चकती एका कडेने सुटते. निरोगी स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालसर व ओला असतो आणि त्याला हात लावला तरी दुखत नाही. तो निळसर-काळा पडला तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे लागते. चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापतात, कारण मोठ्या भोकातून पातळ मल कातडीवर जाऊन ती सोलवटते. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करतात.

इलिओस्टोमीत पाण्याबरोबर मीठही जाते, त्यामुळे उन्हात शेतावर काम करणाऱ्याने नुसते पाणी पीत राहणे पुरेसे नसते. क्षारसंजीवनी (ओआरएस) किंवा मीठ घातलेले ताक लागते. तांबडा रस्सा स्टोमाला अपाय करत नाही, फार तर तिखटाने मल पातळ होतो. त्यापेक्षा भडंगातले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि मक्याचे कणीस सांभाळून खावे लागते, कारण नीट न चावलेला चोथा स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतो.

पिशवी निघाल्यावर सारे पूर्ववत होते, हा समज गुदाशय काढलेल्या रुग्णांबाबत खरा नाही. मल साठवण्याची जागाच गेलेली असल्याने सुरुवातीचे काही महिने दिवसातून सहा-आठ वेळा, कधी त्याहून अधिक, शौचाला जावे लागते आणि वेग आवरत नाही. बहुतेकांना वर्षभरात बराच फरक पडतो. ज्यांना पडत नाही त्यांतले काही जण पुन्हा पिशवी मागून घेतात.