शाळेची परसबाग: ताटासाठी की तासासाठी?

परसबागेतून गणित, विज्ञान, भूगोल शिकवा, असे शिक्षकांच्या प्रशिक्षणात आता आग्रहाने सांगितले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांनी वाफेही केले, मेथी-पालक लावला, शेवगा वाढवला. तरी बाग कशासाठी, मुलांच्या ताटातल्या भाजीसाठी की वर्गातल्या शिकवण्यासाठी, हा वाद मिटलेला नाही.

संस्थानकाळात, १९१७ साली, इथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, तेव्हा मुले शाळेत आणणे हेच मोठे काम होते. बागकामातून शिक्षणाचा विचार देशपातळीवर ठळक झाला तो महात्मा गांधींनी मांडलेल्या शिक्षणविचारावर भरलेल्या १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत. एखाद्या उत्पादक कामाभोवती सगळे विषय गुंफावेत, असे तिथे ठरले.

पण त्याच ठरावांत आणखी एक अपेक्षा होती: या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचा पगारही निघावा. मुलांच्या कष्टावर शाळा चालवायची का, असा सवाल लगेच उठला आणि तो रास्तच होता. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान या एका अपेक्षेने केले. वाफ्यात पोर काय शिकले यापेक्षा वाफ्यातून किती निघाले, हे मोजायची सवय तिथून लागली.

पुढे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. कार्यानुभव वेळापत्रकात आला, पण वेगळा तास, वेगळी श्रेणी घेऊन. बाग त्या तासापुरती उरली. खुरपे हातात असताना क्षेत्रफळ शिकवायचे कोणी, याचे उत्तर वेळापत्रकात नव्हते.

२०१९ मध्ये केंद्राच्या सूचना आल्या आणि परसबाग पोषण आहाराला जोडली गेली. मुलांना निसर्गाची ओळख व्हावी हाही त्यांचा हेतू होता. तपासणीत मात्र ताटातली भाजी आधी दिसते. आता हिशेब पाहा. प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. शंभर मुलांना ५ किलो, वीस दिवसांना १०० किलो. शाळेमागच्या गुंठाभर जागेतून महिन्यामागून महिना एवढी भाजी काढणे अवघड आहे, आणि न निघाल्याचा दोष शिक्षकाच्या माथी. हाच हिशेब पाचवीच्या वर्गात मुलांकडून करून घेतला, तर तो दोन दिवसांचा उत्तम धडा आहे.

कोल्हापुरात अशा धड्यांना तोटा नाही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकरात चाळीस गुंठे, हे शेतकऱ्याच्या पोराच्या कानावर घरीच पडलेले असते. गगनबावड्याचा मुसळधार पाऊस आणि शिरोळचा बेताचा पाऊस एकाच जिल्ह्यातला. दोन्हीकडच्या शाळांनी पर्जन्यमापकाच्या नोंदी एकमेकींना पाठवल्या, की भूगोल तयार. पश्चिमेची तांबडी माती आणि नदीकाठची काळी माती पाण्यात ढवळून बरणीत ठेवली, तर थर डोळ्यांना दिसतात.

अडचण आहे ती वर्षाच्या आखणीत. शाळा जूनमध्ये उघडते आणि पश्चिमेकडच्या पावसात उघड्यावरची पालेभाजी कुजते. मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसते. बागेचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वार्षिक नियोजनात मोजमाप, वनस्पतीचे अवयव, माती हे घटक त्याच महिन्यांत ठेवणे शाळेच्या हातात आहे आणि काही शिक्षक ते करतातही.