एंजेलफिशचा जबडा आणि टाकीतली प्रवाळं

‘रीफ-सेफ आहे, बिनधास्त घ्या.’ समुद्री माशांच्या दुकानात हे हमखास ऐकू येतं. रीफ-सेफ म्हणजे टाकीतल्या प्रवाळांना धक्का न लावणारा. पिशवीत असतं एम्परर एंजेलफिशचं पिल्लू: गडद निळं अंग, त्यावर एकात एक पांढरी वर्तुळं, लांबी जेमतेम बोटभर. पुढे ही वर्तुळं जाऊन पिवळे पट्टे येतात आणि मासा ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हे सांगायचं राहून जातं. दुसऱ्या टोकाला ‘मोठा एंजेल आणि प्रवाळ एकत्र कधीच नाही’ असं छातीठोक सांगणारेही भेटतात. खरं काय ते कळायला आधी त्याचं तोंड नीट बघावं लागतं.

हा मासा मुळात स्पंजखाऊ. वेस्ट इंडीजमधल्या माशांची पोटं तपासून रँडल आणि हार्टमन यांनी १९६८ साली दाखवलं, की तिथल्या होलॅकँथस गटातल्या एंजेलफिशच्या खाण्यात ९५ टक्क्यांहून अधिक स्पंजच असतो. स्पंज म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेला, चिवट जीव. अनेक जातींच्या अंगात सिलिकाच्या सुया, वर विषारी रसायनं. बहुतेक मासे त्याच्या वाटेला जात नाहीत.

मग एंजेल तो तोडतो कसा? इथे खरी गंमत आहे. बहुतेक माशांच्या खालच्या जबड्याची हाडं एकमेकांना पक्की जोडलेली असतात. जबडा हलतो तो अख्खा. एंजेलमध्ये दात असलेलं पुढचं हाड आणि त्यामागचं हाड यांच्यामध्ये आणखी एक सांधा असतो. ऑस्ट्रेलियातल्या कोनोव आणि बेलवूड यांनी २००५ साली पोमॅकँथस सेमिसर्क्युलेटस या जातीचं खाणं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. सामान्य मासा तोंड उघडून जबडा पुढे काढतो आणि आत घेता घेता मिटतो. एंजेल जबडा पूर्ण पुढे काढतो आणि तिथेच, पुढे असतानाच, त्या जादा सांध्यावर दाताचं हाड फिरवून तोंड मिटतो. भक्ष्य बारीक, दाट, लवचीक दातांत पकडलं जातं. मग जबडा झटक्यात मागे. चिमटीत गवत धरून उपटावं, तसं. पोपटमाशांतही असा सांधा सापडतो, पण तो तोंड जास्त उघडायला उपयोगी पडतो. एंजेलने तोच मिटायला वापरलाय. उत्क्रांतीचं हे कसब मला तरी त्याच्या रंगांपेक्षा देखणं वाटतं.

आता हेच तोंड टाकीत आलं. स्पंज फारसा नाही, दिवसभर चरायची सवय तशीच. खडकाला चिकटलेलं मऊ काही दिसलं की टोचून बघणं ओघाने आलं. मांसल मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक छोटा, तोंड असलेला जीव) प्रवाळं, झोअँथिड हे प्रवाळांचे मऊ नातेवाईक, ट्रायडॅक्ना या मोठ्या शिंपल्याची मांसल कड हे सगळं त्याला चाखण्याजोगं. एखाद्या लचक्याने प्रवाळ मरत नाही. पण रोज टोचलं गेलं की पॉलिप मिटूनच राहतो, त्याच्या ऊतीतल्या शैवालाला उजेड कमी मिळतो, शर्करेचा पुरवठा घटतो आणि उघड्या जखमेत संसर्ग शिरतो. मालक मात्र दिव्याला नाहीतर पाण्याला दोष देत बसतो.

म्हणून आधी मासा ठरवा, मग प्रवाळं. लेदर कोरलसारख्या मऊ प्रवाळांत टर्पीन वर्गाची बेचव रसायनं असतात. ती बहुधा वाचतात. अक्रोपोरासारखी बारीक पॉलिपची, कडक सांगाड्याची प्रवाळंही बऱ्यापैकी टिकतात. स्पंज मिसळलेलं गोठवलेलं खाद्य आणि नोरी (वाळवलेलं समुद्री शैवाल) दिवसातून अनेकदा द्यावी. अर्थात जास्त खाद्य म्हणजे पाण्यात जास्त नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे दमदार स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि मोठी टाकी. प्रौढ एम्पररला सात-आठशे लिटरच्या खाली विचारच नको. एवढं करूनही काही मासे ऐकत नाहीत. तेव्हा मासा परत पकडता येईल अशीच खडकांची रचना हवी.

नवा मासा सुरुवातीला वेगळ्या टाकीत ठेवाच. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध लागू पडतं, पण तेच तांबं प्रवाळांना मारतं. मुख्य टाकीत रोग शिरला की हात बांधले जातात. ‘रीफ-सेफ उपचार’ अशा बाटल्यांवर पैसे घालण्यापेक्षा काचेची एक साधी टाकी स्वस्त पडते. आणि टाकी ईशान्येला ठेवल्याने मासे निरोगी राहतात, असं सांगणाऱ्या वास्तुतज्ज्ञाला अमोनिया मोजायचं किट दाखवावं.

भारतातल्या हौशी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून उचललेला जिवंत तुकडा टाकीत ठेवणं हा सरळ गुन्हा आहे.

परदेशात कायदेशीररीत्या वाढवलेली प्रवाळं पाळणाऱ्यांना एंजेलही हवा असेल आणि रोजची धाकधूक नको असेल, तर जेनिकँथस गट बघावा. कुळ तेच, पण हे मासे मोकळ्या पाण्यात तरंगणारे प्लवक टिपतात, प्रवाळांकडे सहसा ढुंकून बघत नाहीत. मात्र ते उड्या मारतात, तेव्हा टाकीवर जाळी हवी.