समोरचा वारा आणि गोल्फचा चेंडू

२० जुलै २००२. स्कॉटलंडमधल्या मुइरफील्डच्या मैदानावर ब्रिटिश ओपन या गोल्फ स्पर्धेची तिसरी फेरी चालू होती. मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन मोठ्या स्पर्धा त्याच वर्षी खिशात घातलेला टायगर वुड्स ऐन भरात होता. दुपारी वादळी वारा आणि गार पाऊस आला, आणि ७१ पारच्या, म्हणजे कसलेल्या खेळाडूला ७१ फटके लागावेत अशा मैदानावर त्याला ८१ फटके लागले. दुसऱ्या दिवशी हवा निवळली, तेव्हा तिथेच तो ६५ फटक्यांत खेळला.

एका रात्रीत कौशल्य येत-जात नसतं. फरक पडला तो हवेमुळे. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा. फटका बसताच तो उलटा फिरत निघतो. ही फिरकी मागे जाणारी हवा खाली ढकलते आणि चेंडू वर उचलला जातो. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी १८९०च्या दशकात हे उलगडून दाखवलं. त्यांचा मुलगा फ्रेडी स्वतः अव्वल गोल्फपटू होता, त्यामुळे प्रश्न घरातलाच होता!

आता ताशी २५० किलोमीटरने सुटलेल्या चेंडूसमोर ताशी ३६ किलोमीटरचा वारा आहे असं धरा. हवेचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो सुरुवातीलाच सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. उचलणारं बलही वाढतं. चेंडू उंच चढतो, वर जोरदार वारा असतो, तिथे त्याचा वेग मरतो आणि तो जवळपास सरळ खाली येतो. अशा वेळी जोर लावून मारावंसं वाटतं, पण जोरासोबत फिरकीही वाढते आणि चेंडू आणखीच वर जातो. जाणकार खेळाडू कमी कोनाची, म्हणजे चेंडू कमी उंच उडवणारी काठी घेतो, चेंडू पायांमध्ये थोडा मागे ठेवतो आणि अर्ध्या ताकदीने मारतो. जमिनीलगत वारा मंद असतो, त्याचा फायदा मिळतो.

पण बुटका फटका जमिनीच्या हवाली होतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची मैदानं वाळूच्या टेकड्यांवरची. पाणी लगेच मुरतं, गवत आखूड, जमीन कडक, त्यामुळे चेंडू पडल्यावरही बराच घरंगळतो. तळहाताएवढा उंचवटा त्याला उजवीकडच्या वाळूच्या खड्ड्यात नेऊ शकतो. तिथल्याच रॉयल ट्रून मैदानाचं आठवं होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा टप्पा, जेमतेम १२३ यार्डांचं, पण खळग्याभोवतीची हिरवळ चिंचोळी आणि भोवती खोल खड्डे. वारा फिरला की तिथे कसलेले खेळाडूही काठी निवडताना घुटमळतात.