भिजलेल्या जुन्या संगणकाचे पुनरुज्जीवन

पूर, गळके छत, फुटलेली नळजोडणी किंवा ओलसर माळा यांमुळे पाणी शिरलेला जुना संगणक पुन्हा चालू स्थितीत आणण्याची प्रक्रिया. साधारणपणे १९७०–९० च्या दशकांतील यंत्रांच्या संदर्भात ही संज्ञा वापरली जाते. त्यांचे सुटे भाग आता कारखान्यात बनत नाहीत. त्यामुळे बोर्ड (चिप आणि तांब्याच्या रेषा असलेली सर्किटची पाटी) बदलून मोकळे होण्याचा मार्ग इथे बहुधा नसतोच.

नुकसान निव्वळ पाण्याने फारसे होत नाही. ते होते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे आणि त्या ओलाव्यातून वाहणाऱ्या विजेमुळे. ओल्या बोर्डाला वीज मिळाली की धन बाजूचे तांबे विरघळू लागते आणि ऋण बाजूकडून धातूचे बारीक तंतू वाढत जाऊन शॉर्ट होतो. वीज नसलेल्या बोर्डावर हेच काम गंज सावकाश करतो. म्हणून भिजलेले यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू करणे ही सर्वांत महागात पडणारी घाई. बोर्डावर घड्याळाची बॅटरी असेल तर ती आधी काढावी लागते, कारण प्लग काढला तरी तिचा पुरवठा चालूच राहतो. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय लोकप्रिय असला तरी निरुपयोगी आहे. तांदूळ क्षार शोषत नाही, उलट पिठूळ धूळ मागे सोडतो.

गढूळ पाण्यात बुडालेला बोर्ड चिखल वाळण्याआधी धुणे सोपे जाते. आधी साधे स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाहनाच्या बॅटरीत घालतात ते, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोल चिपखालचे पाणी बाहेर ढकलते आणि लवकर उडून जाते. ते ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या हव्यात. व्हिनेगर उपयोगी पडते ते फुटलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या अल्कलीवर. पुराच्या पाण्यासाठी त्याची गरज नसते. वाळवताना सौम्य ऊब आणि खेळती हवा पुरते. क्षार राहून गेले तर कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत ते पुन्हा ओल धरतात आणि दुरुस्त झालेला बोर्ड पुढच्या पावसाळ्यात बंद पडतो.

१९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हे या कामाचे चांगले उदाहरण. त्याच्या स्पेक्ट्रम प्लस या आवृत्तीचे परवानाधारक उत्पादन भारतातही झाले. झेड८०ए प्रोसेसर, १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरी, ना पंखा ना बॅटरी, असे हे यंत्र वरवर सोपे वाटते. कळफलकाखाली प्लास्टिकच्या थरांचा पडदा असतो. पाणी त्यांच्यामध्ये अडकते आणि आतल्या वाहक रेषा खाते. पडद्याच्या पट्ट्याही वयामुळे ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे झाकण उघडतानाच त्या तुटतात. नवे पडदे मिळतात, तेव्हा जुना वाचवण्याचा हट्ट धरू नये. टीव्हीला सिग्नल देणाऱ्या मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीत पाणी साचून राहते. बाहेरून बोर्ड कोरडा दिसला तरी ती उघडून पाहावीच.

खरी मेख खालच्या १६ किलोबाइट मेमरीत आहे. तिथल्या ‘४११६’ क्रमांकाच्या आठ चिपना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२ आणि पिन ९ वर ५ व्होल्ट; पिन १६ ग्राउंड. यांपैकी १२ आणि उणे ५ हे दोन्ही बोर्डावरच्याच एका ट्रान्झिस्टर आणि कॉइलच्या सर्किटमधून तयार होतात. ते सर्किट गंजून उणे ५ गेले आणि १२ मात्र टिकले, तर चिप तापून मरतात. त्यामुळे वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने या पिन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, हे तपासतात. त्यानंतर करंटवर मर्यादा घातलेल्या पुरवठ्यावर पहिली चाचणी घेतात. मूळ ९ व्होल्टच्या अडॅप्टरचे ऋण टोक मध्यभागी असते, नेहमीच्या उलट. दुसरा अडॅप्टर जोडून यंत्र जाळल्यास पाण्याला दोष देता येत नाही.

गंजलेला ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेषा, दिसतो तेवढाच नसतो. हिरवट थर फायबरग्लास पेनने खरवडून खालचे तांबे पाहावे लागते. बोर्डातली आरपार छिद्रे आतून कुजतात आणि वरून शाबूत भासतात, म्हणून दोन्ही बाजूंची कंटिन्यूइटी, म्हणजे वीज सलग वाहते का ते, तपासतात. तुटलेल्या जागी बारीक वायरचा जंपर सोल्डर करतात. सॉकेटचे पाय काळवंडले असतील तर सॉकेटच बदलणे शहाणपणाचे. स्पेक्ट्रमचा फेरांती कंपनीने बनवलेला यूएलए (टीव्हीवरचे चित्र आणि कळफलक सांभाळणारी खास चिप) साधारणपणे सॉकेटमध्येच असतो, ही मोठी सोय. तो मेलाच तर प्रोग्रॅम करता येणाऱ्या आधुनिक चिपवर आधारित पर्याय बसवता येतो. मूळ भाग टिकवावा की यंत्र चालवावे यावर संग्राहकांचे एकमत नाही. काय बदलले याची नोंद आणि काढलेले भाग यंत्रासोबत ठेवावेत, इतके मात्र बहुतेकांना मान्य असते.

सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर भिजला असेल तर तो वेगळा विषय. पिक्चर ट्यूबमध्ये बंद असतानाही हजारो व्होल्टचा भार उरू शकतो आणि नवख्याने त्यात हात घालू नये. हार्ड डिस्कला हवेसाठी बहुधा छिद्र असते, त्यातून पाणी आत गेलेले असू शकते. ती न फिरवता तज्ज्ञाकडे द्यावी. फ्लॉपीचे आश्चर्य वाटते: आवरण कापून आतली चकती डिस्टिल्ड वॉटरने धुवून, वाळवून, दुसऱ्या स्वच्छ आवरणात घातली तर पुष्कळदा माहिती वाचता येते. त्या माहितीची लगेच प्रत करून घ्यावी, कारण बुरशी लागलेली चकती ड्राइव्हचे हेडही खराब करते.