मनगटातली आठ हाडं आणि पळवलेले लाडू

मनगटाच्या आठ हाडांची नावं एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात सगळेच घडाघडा म्हणतात. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, सुटं हाड हातात दिलं की मात्र ततपप होतं. पाठ असते ती नावांची माळ. कुठलं नाव कुठे बसतं, ते नाही.

माळेपुरतं हे वाक्य पुरतं, शब्दांची पहिली अक्षरं तीच क्रमानं हाडांची: ‘सगळे लाडू ट्रकातून पळवले, ट्रकवाला टकमक करत हसला.’ स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म ही कोपराकडची रांग. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट ही बोटांकडची. दोन्ही रांगा अंगठ्याकडूनच सुरू होतात, वहीतल्या ओळींसारख्या. नांगरताना बैल वळतात तसं पिसिफॉर्मपाशी वळलात की दुसरी रांग उलटी लागते. ‘ट’ची तीन हाडं हाही घोळच. त्यातलं ‘यम’वालं अंगठ्याखाली: अंगठ्याखाली यम!

आता बॉलपेन घ्या. डावा तळहात, बोटं वर, स्वतःसमोर धरा: अंगठा डावीकडे, त्यामुळे नावं वाचायच्या दिशेनंच लागतात. पहिली रांग मात्र खाली येते. मग हेच उजव्या हातावर करा. तिथे सगळं उजवीकडून डावीकडे जातं, आणि एकाच हातावर घोकणारा नेमका तिथे अडकतो.

चित्रावर थांबू नका, दाबून पाहा. मनगट सैल वाकवा. तळव्याच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, मनगटाच्या घडीजवळ वाटाण्याएवढं हाड हलतं, ते पिसिफॉर्म. ते ट्रायक्वेट्रमच्या शेजारी नसतं, त्याच्यावर तळव्याकडून बसलेलं असतं. सपाट चित्रात हे हरवतं. तिथून तर्जनीच्या मुळाकडे एक-दोन सेंटिमीटर सरकून जोरात दाबा: हॅमेटचा हुकासारखा उंचवटा लागेल. हाताच्या पाठीवर मधल्या बोटाच्या रेषेत मनगटाकडे येताना जो खळगा लागतो, तिथे कॅपिटेट, आठांतलं सर्वांत मोठं.

दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर आठही हाडं काढा. अडलं तरी लगेच पाहू नका; आठवायची ती धडपडच पाठांतर पक्कं करते. नुसतं पुन्हापुन्हा वाचून ओळख वाढते, आठवण नाही.

स्कॅफॉइडला थोडा जास्त वेळ द्या. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमध्ये) खळगा पडतो. त्याच्या तळाशी ते असतं. पसरलेल्या हातावर पडल्यावर तिथे दुखलं, तर पहिला एक्स-रे स्वच्छ असूनही ते मोडलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकातून आत शिरतो, त्यामुळे मध्ये मोडल्यास कोपराकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो.