बँकेच्या नावाची नक्कल करणारे डोमेन : तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदांनिशी करायची

बँकेच्या नावातले एखादे अक्षर बदलून, मध्ये आडवी रेघ टाकून किंवा शेवटी 'केवायसी', 'रिवॉर्ड', 'नेटबँकिंग' असा शब्द जोडून कोणालाही काही शे रुपयांत डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) घेता येते. विकणारा रजिस्ट्रार नाव कोणाच्या मालकीचे हे तपासत नाही. जो आधी मागेल त्याला ते मिळते. असे डोमेन काढून घेण्याची रीतसर प्रक्रिया आहे आणि बहुतेक वेळा त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मोठ्या बँकांकडे या कामाला वकिलांची फौज असते. महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांकडे ती नसते, म्हणून ही माहिती मुख्यतः त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी आहे.

आधी आग विझवा

पान बंद पाडणे आणि डोमेनची मालकी मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मालकीच्या तक्रारीला साधारण दोन महिने लागतात. तेवढा वेळ बनावट पान चालू राहिले तर ग्राहकांची खाती रिकामी होतील. म्हणून पान दिसताच त्याच दिवशी पुरावा जतन करावा (कसा, ते पुढे येईल) आणि मग रजिस्ट्रारच्या व होस्टिंग कंपनीच्या (जिच्या सर्व्हरवर पान ठेवलेले असते तिच्या) गैरवापर कक्षाला लिहावे. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने रजिस्ट्रारांबरोबरच्या करारात केलेली दुरुस्ती ५ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिच्यानुसार डॉट कॉमसारख्या डोमेनवर फिशिंग (बनावट पानावरून ग्राहकांची गुप्त माहिती काढून घेणे) चालल्याचा ठोस पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारला तातडीने पावले उचलावी लागतात. "आमच्या नावाचा गैरवापर होत आहे" एवढेच लिहिले तर मेल बाजूला पडतो. पूर्ण पत्ता, पान पाहिल्याची तारीख-वेळ, पानाचे चित्र आणि बँकेच्या खऱ्या पानाचे चित्र एकाच मेलमध्ये द्या.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. पैसे गेलेल्या ग्राहकाने १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला हवा. डोमेनच्या तक्रारीतून कोणाचेही पैसे परत मिळत नाहीत आणि नुकसानभरपाईही मिळत नाही. तिथे निकाल फक्त डोमेनचे काय करायचे याचा लागतो.

कोणते डोमेन, कोणते दार

पत्त्याचा शेवटचा भाग पाहा. डॉट इन, डॉट को डॉट इन आणि डॉट भारत यांच्यासाठी त्यांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेचे आयएनडीआरपी हे तंटानिवारण धोरण आहे. तो १९९६ च्या लवाद कायद्याखालचा लवाद असतो. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग, डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेड वगैरेंसाठी आयकॅनचे १९९९ चे यूडीआरपी धोरण लागते. त्याखालच्या तक्रारी मान्यताप्राप्त संस्था चालवतात. त्यांतली जिनिव्हाची वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) सर्वांत परिचित आहे. नव्या एक्स्टेंशनसाठी (डॉट ऑनलाइनसारख्या शेवटच्या भागांसाठी) यूआरएस नावाची आणखी जलद व स्वस्त वाट आहे, पण तिच्यात डोमेन फक्त निलंबित होते, बँकेच्या हाती येत नाही.

इथे एक चूक वारंवार होते. बनावट पत्ता 'तेजोमय डॉट बँक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असा असला (तेजोमय हे नाव केवळ उदाहरणादाखल), तर नोंदवलेले डोमेन 'अमुकतमुक डॉट कॉम' एवढेच आहे. डावीकडचा सगळा भाग त्याच्या मालकाने स्वतः जोडलेला सबडोमेन असतो. नोंदवलेल्या डोमेनमध्ये तुमचे नावच नसल्यामुळे यूडीआरपीची तक्रार तिथे टिकणे अवघड. फुकट साइट बनवून देणाऱ्या सेवेवरचे पान असेल तेव्हाही तसेच. अशा वेळी होस्टिंग कंपनीकडे तक्रार करून पान बंद पाडणे हाच मार्ग, शुल्क भरू नका.

पात्रता म्हणजे तीन मुद्दे सिद्ध करणे

पहिला मुद्दा हक्काचा. डोमेन तुमच्या चिन्हाशी (ट्रेडमार्कशी) तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतके जुळते आणि त्या चिन्हावर तुमचा हक्क आहे, हे दाखवायचे. वित्तीय सेवांची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग ३६ मध्ये होते. केवळ अर्ज प्रलंबित असणे हा हक्काचा पुरावा धरला जात नाही, आणि तो तसा धरला जाईल या समजुतीवर बऱ्याच तक्रारी उभ्या केल्या जातात. नोंदणी नसेल तर दीर्घ वापरातून आलेला हक्क सांगता येतो, पण मग सिद्ध करण्याचा भार वाढतो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा परवाना, वर्षानुवर्षांचे वार्षिक अहवाल, शाखांची यादी, जाहिरातींची कात्रणे आणि स्वतःचे डोमेन कधीपासून आहे याची नोंद जोडावी.

सहकारी बँकांची खरी अडचण नावातच असते. 'जनता', 'नागरी', 'मर्चंट्स', 'सहकारी' हे शब्द कोणा एकाच्या मालकीचे नाहीत, आणि एकाच नावाच्या बँका दोन-तीन जिल्ह्यांत असू शकतात. अशा वेळी गावाचे नाव, संक्षेप किंवा बोधचिन्हातला वेगळेपणा यांवर भर द्यावा लागतो. अनेक बँकांनी बोधचिन्ह फक्त देवनागरीत नोंदवलेले असते आणि बनावट डोमेन रोमन लिपीत येते. त्याने घाबरून जायचे कारण नाही. लिप्यंतर जुळत असेल तर पॅनेल (तक्रारीचा निर्णय देणारे तज्ज्ञ) ते साम्य मान्य करतात. तरीही रोमन अक्षरांतल्या शब्दचिन्हाचा वेगळा अर्ज करून ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा, समोरच्याचा त्या नावाशी न्याय्य संबंध नाही. त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही, बँकेने त्याला परवानगी दिलेली नाही, तो प्रामाणिक व्यवसाय करत नाही, एवढे प्रथमदर्शनी दाखवले की उत्तर देण्याचा भार त्याच्यावर जातो. ग्राहकाची आडनावावरून घेतलेली साइट किंवा बँकेवर टीका करणारी साइट यात बसत नाही. तिच्यावर दडपण आणायला ही प्रक्रिया वापरली तर पॅनेल तक्रारदाराविरुद्धच गैरवापराचा शेरा लिहू शकते.

तिसरा मुद्दा दुष्ट हेतूचा, आणि दोन्ही धोरणांतला मोठा फरक इथे आहे. यूडीआरपीत डोमेन दुष्ट हेतूने नोंदवले आणि वापरलेही, अशा दोन्ही गोष्टी लागतात. आयएनडीआरपीत नोंदणी किंवा वापर यांपैकी एक पुरते. त्यामुळे बँकेचा ट्रेडमार्क जन्माला येण्याआधीच घेतलेल्या डॉट कॉम डोमेनवर यूडीआरपीची तक्रार सहसा फेटाळली जाते. डोमेनवर पानच नसेल तरी केस संपत नाही. टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या २००० सालच्या निर्णयापासून, नुसते दाबून ठेवलेले डोमेनही परिस्थिती पाहून दुष्ट हेतूचे ठरते. पान रिकामे दिसले तर एमएक्स नोंद (डोमेनच्या मेल सर्व्हरची नोंद) आवर्जून तपासा. ती चालू असेल तर त्या डोमेनवरून मेल पाठवण्या-घेण्याची सोय केलेली आहे, आणि बँकेच्या नावाच्या बाबतीत पॅनेल ही गोष्ट गांभीर्याने घेतात.

कागदपत्रे

ट्रेडमार्कचे नोंदणी प्रमाणपत्र आणि नूतनीकरण झाल्याचा पुरावा आधी काढा. नोंदणी दर १० वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि ऐन वेळी ती मुदतबाह्य निघण्याचे प्रकार घडतात. प्रमाणपत्रावरचे मालकाचे नाव आणि तक्रारदाराचे नाव अक्षरशः एक हवे. विलीनीकरण झालेले असेल, तर चिन्ह नव्या बँकेच्या नावे झाल्याची नोंद किंवा विलीनीकरणाचा आदेश लावा. याशिवाय परवाना, सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव, वकीलपत्र, डोमेनचा व्हूइज (डोमेन नोंदणीची सार्वजनिक माहिती) उतारा आणि ग्राहकांना आलेले मेल व एसएमएस हवेत. मेल पूर्ण हेडरसह (मेल कुठून व कसा आला याच्या तांत्रिक नोंदीसह) जतन करा. फॉरवर्ड केला की हेडर जातो.

पानाचे चित्र घेताना पत्त्याची पट्टी आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. मोबाइलवर अर्धवट कापून घेतलेले चित्र निरुपयोगी. काही बनावट पाने फक्त मोबाइलवरून किंवा एसएमएसमधल्या लिंकवरूनच उघडतात आणि संगणकावर कोरी दिसतात. म्हणून दोन्हीकडून पाहा. पडताळणीसाठी खरा खाते क्रमांक किंवा पासवर्ड तिथे कधीही टाकू नका. प्रकरण पुढे कोर्टात जाण्याची शक्यता असेल, तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र फाइलच्या हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक अंक) त्याच वेळी करून ठेवा. पान उतरल्यावर हे काम करता येत नाही.

वायपोकडे यूडीआरपी

तक्रार ईमेलने किंवा ऑनलाइन जाते, छापील प्रती लागत नाहीत. युक्तिवादाची मर्यादा ५,००० शब्द. १ ते ५ डोमेनसाठी पॅनेलमध्ये एक सदस्य हवा असेल तर १,५०० डॉलर, तीन सदस्यांसाठी ४,००० डॉलर. तुम्ही एक मागितला आणि समोरच्याने तीन मागितले तर तीन सदस्यांचे शुल्क दोघांत निम्मे-निम्मे होते. एकाच व्यक्तीची अनेक डोमेन असतील तर एकाच तक्रारीत घाला, पैसे वाचतात.

व्हूइजमध्ये मालकाचे नाव झाकलेले असते. त्यासाठी थांबू नका. जे दिसते त्या नावाने तक्रार करा. वायपो रजिस्ट्रारला विचारते, रजिस्ट्रार दोन कामकाजाच्या दिवसांत डोमेन कुलूपबंद करून खरा तपशील देतो आणि तुम्हाला तक्रार दुरुस्त करायची संधी मिळते. तक्रारीत त्रुटी निघाल्यास ५ दिवसांत सुधारावी लागते, नाहीतर ती मागे घेतल्यासारखी धरतात. हमखास राहणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे कोणत्या ठिकाणच्या कोर्टाचे अधिकारक्षेत्र मान्य आहे ते न लिहिणे, आणि भाषा. तक्रारीची भाषा नोंदणी कराराच्या भाषेवर ठरते. रजिस्ट्रार चिनी आणि करार चिनी असेल तर इंग्रजीत चालवण्याची विनंती कारणांसह तक्रारीतच करावी लागते.

नोटीस निघाल्यावर प्रतिवादीला २० दिवस मिळतात. फिशिंग करणारा बहुधा उत्तर देत नाही. तरी निकाल आपोआप तुमच्या बाजूने लागत नाही, तिन्ही मुद्दे कागदावर सिद्ध असावेच लागतात. पॅनेल नेमल्यापासून १४ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. त्यानंतर १० कामकाजाचे दिवस रजिस्ट्रार थांबतो. त्या काळात प्रतिवादी कोर्टात गेला नाही तर आदेश अमलात येतो. एसबीआय कार्ड्सने २००५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडून 'एसबीआयकार्ड्स डॉट कॉम' याच मार्गाने मिळवले.

निक्सीकडे आयएनडीआरपी

तक्रार निक्सीच्या नमुन्यात करावी, शुल्क रुपयांत आणि जीएसटीसह निक्सीच्या चालू तक्त्याप्रमाणे भरावे. निक्सी आपल्या यादीतला एक लवाद नेमते, तो प्रतिवादीला नोटीस काढतो आणि कागदपत्रांवर निवाडा देतो. मुदत ६० दिवसांची, लवादाला ती आणखी ३० दिवस वाढवता येते. निवाडा पटला नाही तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत कोर्टात आव्हान देता येते.

नुकसानभरपाई हवी असेल, किंवा एकाच टोळीची डझनभर डोमेन, फोन नंबर आणि बँक खाती एकदम रोखायची असतील, तर उच्च न्यायालयच गाठावे. 'रेडिफ' विरुद्ध 'रॅडिफ' प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच नक्कल केलेले डोमेन वापरायला मनाई केली होती. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळते हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सत्यम इन्फोवे निकालात स्पष्ट केले.

मागणी काय करायची आणि नंतर काय सांभाळायचे

'रद्द करा' असे मागू नका, 'हस्तांतरित करा' असे मागा. रद्द झालेले डोमेन पुन्हा बाजारात येते आणि दुसरा कोणीतरी ते घेतो. हस्तांतराच्या वेळी रजिस्ट्रारकडे बँकेच्या नावाचे खाते लागते. ते एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी मेलवर उघडू नका. आलेले डोमेन मुदतीच्या आत नूतनीकरण करत राहा.

रिझर्व्ह बँकेच्या २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितले. तिथे नोंदणी फक्त रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत आणि फक्त बँकांना मिळते, त्यामुळे भामट्याला त्या शेपटीचे डोमेन घेता येत नाही. पण नव्या पत्त्यावर गेल्यावर जुने डॉट कॉम किंवा डॉट को डॉट इन सोडून देऊ नका. ग्राहकांच्या पासबुकांवर, जुन्या मेलमध्ये आणि शोधयंत्रांत तोच पत्ता आहे. मुदत संपून तो दुसऱ्याने उचलला, तर वर सांगितलेली सगळी प्रक्रिया आपल्याच जुन्या नावासाठी करावी लागेल, आणि समोरचा म्हणेल की बँकेनेच ते टाकून दिले होते. वर्षाला काही शे रुपयांचे हे नूतनीकरण अंदाजपत्रकात कायमचे घाला.